कोम्बू परत, इंद्रायणी मुक्कामी: मॅक्रोबायोटिक प्रकल्पाच्या नोंदी, कोथरूड

६ ऑक्टोबर २०२४, रविवार

ठरलंय एकदाचं. संक्रांतीपर्यंत मॅक्रोबायोटिक पद्धतीने जेवून बघायचं, मी आणि नवरा दोघांनी. लेक तिसरीत आहे, ती यात नाही, का ते पुढे लिहीन. आई (सासूबाई) यात आहेत की नाहीत ते त्याच ठरवणार, आज फक्त "बघू किती टिकतंय" एवढं बोलून कुकर लावायला गेल्या.

कारण काही थोर नाहीये. नवऱ्याचं एचबीए१सी (रक्तातल्या साखरेची तीन महिन्यांची सरासरी) ५.९ आलं, म्हणजे डायबेटिस नाही पण रांगेत नंबर लागलाय, माझी थायरॉइडची गोळी बाळंतपणापासून चालू आहे, आणि दुपारी डबा खाल्ला की दोघांनाही ऑफिसात जी पेंग येते ती वयाला शोभत नाही. ऑफिसातल्या एका मैत्रिणीने हे सुचवलं, मी वाचलं, आवडलं.

पद्धत मूळची जपानी, थोडक्यात अशी की ताटात निम्मं किंवा थोडं जास्तच अख्खं धान्य, पाव हिश्श्याहून थोड्या जास्त भाज्या, जरा कडधान्य, जरा समुद्री शेवाळ, एखादं सूप. साखर, मैदा, दूधदुभतं, मटण-चिकन बंद, मासे कधीमधी चालतात. टोमॅटो, बटाटा, वांगं, मिरची, ढोबळी हे सगळे एका कुळातले म्हणून सरसकट बाद. पालकसुद्धा नको म्हणतात. आणि या सगळ्याच्या वर मोठा नियम हा, की माणूस आणि त्याची माती वेगळी नाही, तेव्हा जिथे राहता तिथलं खा, ऋतूत येतं ते खा. हे वाचून मी खूश, म्हटलं चला, मंडईत पिशवी घेऊन जायचं आणि झालं. मग सोबतची सामानाची यादी बघितली: कोम्बू, वाकामे, नोरी (ही तिन्ही समुद्री शेवाळं), मिसो (आंबवलेल्या सोयाबीनची खारट पेस्ट), तामारी (सोया सॉस), उमेबोशी (खारवलेली आंबट फळं), अझुकी (बारीक लाल कडधान्य), डायकॉन. यातलं मंडईत एकच मिळतं, डायकॉन, म्हणजे आपला मुळा. नियम एक सांगतो आणि यादी दुसरंच, हे पहिल्याच दिवशी लक्षात आलंय, बघू पुढे कोण जिंकतं.

सुरू करायच्या आधी रक्त तपासून घेतलं. माझं बी-१२ आलं १६८, लॅबच्या कागदावर २०० च्या खाली ठळक अक्षरात छापतात तसं छापलेलं. आणि हे रोज दूध-ताक घेऊन! पण यात आश्चर्य नाही म्हणे. पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून केईएम हॉस्पिटलच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांच्या टीमने गरोदर बायकांचा अभ्यास केला, त्यात दोन तृतीयांश जणींचं बी-१२ कमी निघालं होतं. म्हणजे आपल्याकडे मुळातच खड्डा आहे, त्यात दूधदुभतं सोडायचं म्हणजे कुदळ मारून घेणं. समुद्री शेवाळात बी-१२ असतं असं खूप जण सांगतात, पण त्यातलं बरंचसं नुसतं तसं दिसणारं असतं, शरीराला वापरता येत नाही. आमच्या डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या. तर पहिली दुरुस्ती: ताक चालू राहील, गोळी चालू राहील.

१३ ऑक्टोबर

तांदळाची कथा.

सुपरमार्केटातून ब्राऊन राइसचं पाकीट आणलं होतं, लांब दाण्याचा, शिजला तरी एकेक दाणा वेगळा वेगळा आणि चावताना भुसा खाल्ल्यासारखं. लेकीने बघूनच नाक मुरडलं. जपानी लोक खातात तो आखूड दाण्याचा, जरा चिकट असा असतो, आणि आई दोन दिवस माझी धडपड बघून म्हणाल्या, "अगं मग इंद्रायणी काय वाईट आहे? आमच्याकडे पॉलिश न केलेला मिळायचा की." त्यांचं माहेर कामशेतजवळ. इंद्रायणी हा वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राने काढलेला वाण, आंबेमोहोर आणि आयआर-८ च्या संकरातला, त्यामुळे वास थोडा आंबेमोहोराचा आणि शिजल्यावर चिकटपणा हवा तेवढा. मामांना फोन गेला, दसऱ्याला कोणीतरी येणारच होतं, हातसडीची पाच किलोची पिशवी घरी आली. लालसर-भुरकट रंग, हातात घेतला की तळव्याला कोंड्याची बारीक पूड लागते.

शिजवायची पद्धत आता बसलीये म्हणून लिहून ठेवते. रात्री भिजत घालायचा, निदान सहा-आठ तास. सकाळी निथळून एक वाटीला अडीच वाटी पाणी, चिमूटभर मीठ. मोठ्या गॅसवर कुकरला प्रेशर धरू द्यायचं, शिट्टी व्हायच्या बेतात आली की गॅस एकदम बारीक, वीस-पंचवीस मिनिटं तसंच, मग बंद करून कुकर आपला आपण सुटू द्यायचा. झाकण उघडल्यावर दाणा एका कडेने उललेला दिसतो, आतलं पांढरं बाहेर आलेलं आणि साल मात्र शाबूत, वास भाजलेल्या शेंगदाण्याच्या जवळपासचा. उलला नसेल तर पाणी कमी पडलं. आईंचं म्हणणं आधी कोरडाच जरा परतून घ्यायचा आणि मग भिजवायचा, तसाही करून बघितला, मोकळा होतो पण मला चिकटच आवडतो.

एक भानगड म्हणजे कोंड्यात तेल असतं, त्यामुळे हा तांदूळ लवकर खवट होतो आणि पोरकिड्यांना तर आमंत्रणच. आई साध्या तांदळाला बोरिक पावडर चोळून ठेवतात, याला मी ते करू दिलं नाही. सध्या पिशव्या बांधून फ्रीजरमध्ये, आइस्क्रीमच्या जागी. लेक चिडलीये.

तांदूळ पॉलिश करायचा नाही हे खूळ जपानचं एकट्याचं नाही खरं तर. गांधीजींनी १९३४ मध्ये वर्ध्याला ग्रामोद्योग संघ काढला तेव्हा हातसडीच्या तांदळाचा प्रचार केलाच होता. आणि जपानात हे कशातून आलं तर बेरीबेरीतून. तिकडे एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी सैन्यात आणि आरमारात पांढऱ्या भातावर जगणारी धडधाकट पोरं पाय सुजून, हृदय बंद पडून मरायची, कारण कोंड्याबरोबर बी-१ निघून जायचं. सागेन इशिझुका नावाचा लष्करी डॉक्टर (१८५० ते १९०९) अख्ख्या धान्याच्या मागे लागला तो याच काळात. त्याचाच विचार पुढे जॉर्ज ओसावाने उचलला आणि त्यातून ही मॅक्रोबायोटिक पद्धत उभी केली.

२० ऑक्टोबर

कोम्बूचं पार्सल आलं. काळपट हिरव्या जाड पट्ट्या, वर पांढरी पावडर, वास बोंबलाच्या पिशवीचा. मटकी शिजवताना एक तुकडा घातला (अझुकी, मूग, उडीद, मटकी हे एकाच गोतातले, म्हणून अझुकीच्या जागी मटकी, वाद मिटला). खोटं कशाला बोलू, चव फार छान आली, काहीही मसाला न घालता आमटीला एक भरीवपणा आला. नवऱ्याने दुसऱ्यांदा घेतली.

मंगळवारी थायरॉइडच्या डॉक्टरांची अपॉइंटमेंट होती, सहज बोलले तर त्यांनी पेनच खाली ठेवलं. मोठ्या माणसाला दिवसाला आयोडीन लागतं १५० मायक्रोग्रॅम, आणि कोम्बूच्या एका ग्रॅममध्ये हजाराच्या वर असू शकतं. "तुम्ही हे रोज खाणार आणि मग टीएसएच वर-खाली झाला की माझ्याकडे येणार." सोयाबद्दल पण सांगितलं, की गोळी आणि सोया यात अंतर ठेवा, सोयाने गोळी नीट शोषली जात नाही, तेव्हा सकाळी उठून गोळी आणि त्यावर मिसो सूप हे जे मी ठरवलं होतं ते तिथेच संपलं.

कोम्बू ऑफिसातल्या मैत्रिणीला देऊन टाकलं, तिला थायरॉइड नाही. मिसोचा डबा आहे अजून, अधूनमधून रात्रीच्या सूपला लावते, गॅस बंद केल्यावर, उकळायचं नसतं. पण त्याचंही गणित बघा, एका टेबलस्पूनमध्ये सहाशे मिलिग्रॅमच्या आसपास सोडियम, आणि जागतिक आरोग्य संघटना म्हणते दिवसभराचं मिळून दोन हजारांच्या आत ठेवा. त्यात तामारी, त्यात उमेबोशी. मांस नाही साखर नाही म्हणून शाबासकी घ्यायची आणि मिठावर मीठ खायचं. नवऱ्याचं बीपी काठावर आहे, तेव्हा हा डबा संपला की परत नाही. आणि ते न शुद्ध केलेलं समुद्री मीठ वापरा म्हणतात ते पण नाही, त्यात आयोडीन घातलेलं नसतं. आधी कोम्बूतून जास्त म्हणून काढायचं आणि मग मिठातलं पण घालवायचं, काय राहिलं मग.

२८ ऑक्टोबर

वसुबारस. दूध-तूप नाही, गहू नाही, बाजरीची भाकरी आणि गवारीची भाजी. आईंनी दरवर्षीसारखंच केलं, मला वेगळं काहीच करावं लागलं नाही. "तुझं ते यात बसतं का गं?" बसतं, पूर्ण बसतं.

३ नोव्हेंबर

भाऊबीज. फराळ खाल्ला. चकलीची भाजणी अख्ख्या धान्यांची असते हे नवऱ्याने चार जणांना समजावून सांगितलं, करंजीबद्दल कोणी काही विचारलं नाही.

१७ नोव्हेंबर

आज जरा इतिहास वाचला आणि लेकीला बाहेर ठेवलंय ते बरं केलं असं वाटलं.

जॉर्ज ओसावा म्हणजे मूळचा युकिकाझु साकुराझावा, जन्म १८९३. तरुणपणी क्षय झाला होता आणि इशिझुकाच्या आहाराने आपण बरे झालो असं तो सांगायचा. त्याने यिन-यांग (प्रत्येक गोष्ट दोन उलट स्वभावांत वाटायची जुनी चिनी कल्पना) लावून सगळ्या खाण्याच्या दहा पायऱ्या केल्या, उणे तीनपासून सातपर्यंत, शून्य सोडून, आणि सगळ्यात वरची सात नंबरची पायरी म्हणजे नुसतं धान्य, बाकी काही नाही, पाणीसुद्धा बेताचं. १९६५ मध्ये अमेरिकेत, न्यू जर्सीत, एक तरुण बाई हा कडक आहार करता करता दगावली. १९७१ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनने असल्या आहाराविरुद्ध इशारा दिला. त्यानंतर ओसावाचा शिष्य मिशिओ कुशी, जो १९४९ मध्येच अमेरिकेत गेला होता आणि बॉस्टनला बस्तान बसवून होता, त्याने जे मांडलं ते बरंच सौम्य, आणि आज आपण जे वाचतो ते बहुतेक त्याचंच. कॅन्सर बरा होतो वगैरे दावेही याच गोटातून झाले, आणि ते मला अजिबात पटत नाहीत. बायको आवेलिन २००१ मध्ये कॅन्सरनेच गेली, कुशी स्वतः २०१४ मध्ये स्वादुपिंडाच्या कॅन्सरने, वय ८८. अठ्ठ्याऐंशी काही वाईट नाही, पण मग ही अशी आश्वासनं लोकांना देऊ नयेत.

मुलांचं तर स्पष्टच आहे. नेदरलँड्समध्ये १९८० च्या दशकात मॅक्रोबायोटिक घरांतल्या बाळांचा नीट अभ्यास झाला, त्यात वाढ मंद, मुडदूस, बी-१२ कमी असं सगळं निघालं, आणि त्या संशोधकांनीच सांगितलं की यात तेल-तूप, मासे आणि दूध घाला. म्हणून लेकीच्या ताटात भाकरी येते, हातसडीचा भात येतो, पण तिचं दूध, अंडं, तूप यातलं काही हललेलं नाही. माझ्या मैत्रिणीचं आणि माझं यावरून थोडं वाजलं. वाजू दे.

यिन-यांगवरून घरात वेगळीच गंमत. त्यांच्याकडे आंबा, पपई असली उष्ण प्रदेशातली फळं यिन, म्हणजे थंड करणारी. आईंना सांगितलं तर त्या हसायलाच लागल्या, "पपई थंड? पोटुशी बाईला विचार जा." आपल्याकडे दोन्ही उष्ण! दोन्हीकडची माणसं तितक्याच खात्रीने सांगतात आणि दोघांनीही थर्मामीटर लावलेला नाही. मी हा यिन-यांगचा तक्ता फ्रीजवरून काढला.

त्या जागी आता तीळमीठाचं प्रमाण चिकटवलंय, हे मात्र त्यांच्याकडून घेतलेलं सगळ्यात चांगलं. गोमासिओ म्हणतात. सोळा चमचे तीळ, एक चमचा मीठ. आधी मीठ कोरडं भाजायचं, मग तीळ मंद आचेवर, तडतडायला लागले आणि दोन बोटांत चुरडले गेले की उतरवायचे, आणि खलबत्त्यात गोल गोल हलक्या हाताने, ठेचायचे नाहीत. मिक्सर लावला की तेल सुटून गोळा होतो. निम्मे तीळ फुटलेले, निम्मे अख्खे राहिले की थांबायचं. गरम भातावर चमचाभर घातलं की वरण नसलं तरी चालतं. आई त्यात हळूच लाल तिखट घालून त्याची तिळाची चटणी करून घेतात, वेगळ्या बरणीत.

७ डिसेंबर, चंपाषष्ठी

वांग्याचा निकाल लागला.

आमचं कुलदैवत खंडोबा. आषाढातल्या कांदेनवमीनंतर घरात वांगं-कांदा बंद असतो तो आज सुटतो, भरीत आणि बाजरीचा रोडगा असा नैवेद्य. मी ऑक्टोबरपासून वांगं आणलंच नव्हतं, आधी चातुर्मास म्हणून आणि मग ओसावा म्हणून, दोन्ही कारणं एकात एक मिसळून गेली होती. आज आईंनी मंडईतून मांजरीची जांभळी गोल वांगी आणली आणि गॅसवर भाजायला ठेवली, सगळ्या घरात तो करपट गोड वास. मी विचारात उभी. त्या म्हणाल्या, "देवाने चार महिने बंद ठेवलं आणि मग उघडलं. तुझ्या जपान्याने कायमचंच दार लावून घेतलं की गं."

बिनतोड होतं. आणि दुसरं असं, त्यांचाच मोठा नियम लावायचा तर वांगं हे आपल्या देशातलं, हजारो वर्षं इथे पिकतंय. बटाटा, टोमॅटो, मिरची हे अमेरिका खंडातले, पोर्तुगीजांच्या काळात आले. म्हणजे मातीचा नियम पाळायचा तर आधी मिरची जायला हवी आणि वांगं राहायला हवं, आणि तो जपानहून आलेला मिसोचा डबा तर घरात शिरायलाच नको होता. कुळाचा नियम आणि मातीचा नियम इथे सरळ भांडतात, आणि मी मातीच्या बाजूने. भरीत दोनदा घेतलं. टोमॅटो मात्र खरंच कमी झालाय, रोज प्रत्येक भाजीत दोन टोमॅटो चिरायची जी सवय होती ती गेली, आमसूल आणि चिंच परत आली. तसंच नवरात्रात पण लक्षात आलं होतं, साबुदाणा-बटाट्याच्या उपासापेक्षा वरी-राजगिऱ्याचा उपास या पद्धतीला कितीतरी जवळचा, आणि पोटालाही हलका.

२२ डिसेंबर

जेवण सोडून बाकीच्या गोष्टी. यांची राहणीची पण यादी आहे: अंगाला लागून सुती कपडे, रोज गरम ओल्या टॉवेलने अंग घासणं, घरात झाडं, रोज चालणं, स्वयंपाक जाळावर, इंडक्शन-मायक्रोवेव्ह नको, झोपायच्या आधी तीन तास काही खायचं नाही, रोज एखादं आनंदाचं गाणं म्हणायचं. गाण्याचं खातं नवऱ्याकडे दिलंय, शेजाऱ्यांनी अजून तक्रार केलेली नाही. मायक्रोवेव्ह डबा गरम करायला लागतोच, त्यावर चर्चा नाही. सकाळी वेताळ टेकडीवर जाणं नवऱ्याने मनावर घेतलंय.

सगळ्यात अवघड आणि सगळ्यात उपयोगी म्हणजे चावणं. एक घास पन्नास वेळा. आपल्याकडे बत्तीस सांगतात, तेही कोणी करत नाही. ऑफिसात लंच टेबलावर बाकीच्यांचं जेवण होऊन हात धुवून झाले तरी मी पहिल्या पोळीवर, कोणी प्रश्न विचारला की हात वर करून थांबा म्हणायचं. पण हातसडीचा भात नीट चावला की तिसाव्या वेळेच्या पुढे गोड लागायला लागतो, ते पांढऱ्या भाताला कळतसुद्धा नाही कारण तो कधीच गिळून झालेला असतो. आणि दुपारची पेंग गेली ती यानेच असं माझं मत आहे, तांदळाने नाही. हळू जेवलं की कमी जेवतो माणूस, एवढं साधं.

चहा. दूध-साखरेचा चहा बंद आणि त्याऐवजी काड्यांचा चहा किंवा भाजलेल्या जवाचं पाणी. घरी जवाचं पाणी जमलं, बरं लागतं. पण ऑफिसातून चार वाजता सगळे खाली अमृततुल्यात जातात आणि निम्मं काम तिथेच होतं, तिथे उभं राहून मी जवाचं पाणी पिणार नाही. एक कटिंग, दिवसातून एकदा.

१३ जानेवारी २०२५, भोगी

तीळ लावलेली बाजरीची भाकरी, वांगं, पावटा, गाजर, ओला हरभरा, बोरं, ऊस, शेंगदाणे सगळं घालून भाजी, मुगाच्या डाळीची खिचडी. थंडीत काय खायचं याचा सगळा अभ्यासक्रम एका ताटात. मैत्रीण जेवायला होती, तिने फोटो काढला आणि पन्नास वेळा चावत बसली, आई तिच्याकडे काळजीने बघत होत्या, "भाकरी कडक झाली का गं?"

२ फेब्रुवारी

रिपोर्ट आले. नवऱ्याचं एचबीए१सी ५.७. भात, टेकडी, बंद झालेली बिस्किटं की दोन किलो कमी झालेलं वजन, नक्की कशाने ते सांगता येणार नाही, सगळं एकदम सुरू केलं होतं. माझं बी-१२ ४१२, ते शंभर टक्के गोळ्यांचं काम आहे. टीएसएच ठीक.

संक्रांत होऊन गेली तरी कोणी थांबवायचा विषय काढला नाही, तेव्हा पुढे चालू. मिसो संपला. यादीतलं आता घरात काही नाही, नोरीचं एक पाकीट सोडून, ते लेक चिप्ससारखं खाते.

तांदळाचं मात्र कायमचं लावून घ्यायला हवं होतं म्हणून आज मामांना फोन केला. विचारलं, मुसळाने सडतात का अजून? ते म्हणाले, "आता मुसळ कोण धरतंय बाई, गिरणीत नुसतं टरफल काढून घेतो, पॉलिश मारत नाही, तोच तुमचा हातसडीचा." दुकानांत या नावाने मिळतो तो पण बहुतेक असाच म्हणे. चालेल, कोंडा राहिला की झालं. मी म्हटलं वीस किलो एकदम पाठवा. आईंनी माझ्या हातून फोन घेतला, "वीस नको रे, खवट होतो, हिचा फ्रीजर भरलाय. भातच ठेव तुझ्याकडे, टरफलासकट, आणि लागेल तसा काढून दे." टरफल असेपर्यंत आतलं तेल हवेला लागत नाही, महिनोन्महिने काही होत नाही. मामांनी लगेच मान्य केलं, म्हणाले महिन्यातून एकदा घरचं कोणी ना कोणी लोकलने पुण्याला येतंच. नवा तांदूळ आहे, पाणी अडीचच्या जागी सव्वादोन घाला असंही सांगितलं. पहिली पिशवी येत्या रविवारी, शिवाजीनगर स्टेशनवर घ्यायला नवरा जाणार.